कल्याणप्पाचा प्रोग्राम

३ डिसेंबर १९८६
उमरग्याच्या अलीकडं एसटीतून उतरलो. सहकारी साखर कारखाना, नोकरी पक्की! दुष्काळानं रान करपलंय, गाळप अजून सुरू नाही, आवार ओस, पण कॉम्प्युटरची खोली एसीनं गारेगार. आईला पत्र टाकलं, तुझा लेक थंड हवेत खुर्चीवर बसतो म्हणून. कुणाचा ऊस आधी तोडायचा ते ठरवणारा प्रोग्राम जुन्या ऑपरेटरनं, कल्याणप्पानं, लिहिलाय. त्याचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, फ्लॉप्यांवर आहे. तो नव्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, बसवायचा. शेतकी अधिकारी हिंमतराव म्हणाले, कल्याणप्पा न सांगताच हैदराबादला गेला. धूळ शिरू नये म्हणून शिपाई शंकरप्पा दाराला बाहेरून कुलूप घालतो. आतून कडी नाही. हाक मारली की उघडतो.

४ डिसेंबर
कंपाइल अडलं. प्रोग्रामचा एक भागच फ्लॉप्यांवर नाही. दुपारी खिडकीच्या जाड, गज लावलेल्या काचेपाशी बाहेर एक म्हातारी भाकरी घेऊन उभी. कल्याणप्पाची आई, इरम्मा. घरची भाषा कानडी; मोडक्या मराठीत म्हणाली, लेक आतच हाय माझा, अव्वानं, त्याच्या आईनं, दिली म्हणून सांगा, त्याला द्या. मी एकटाच आहे, म्हटलं. तरी भाकरी ठेवून गेली.

५ डिसेंबर
तो भाग कपाटात सापडला, कागदावर, कल्याणप्पाच्या अक्षरात. टाइप करत गेलो. मधेमधे शेरे आहेत. असे शेरे माणसांसाठी लिहितात, मशीन ते सोडून देतं. "दुसरा दिवस. दार उघडत नाही." पुढं, "पाणी संपलं."
शंकरप्पाला विचारलं तर तो रडायलाच लागला. गेल्या साली ऊस संपून गाळप थांबलं, समदे घरी गेले. म्या कुलूप लावलं अन् इसरलो, म्हणाला. पाचव्या दिशी उघडलं तवा जीव ऱ्हायला न्हवता. साहेबांनी कुणाला कळू दिलं न्हाय.

६ डिसेंबर
बाबासाहेबांच्या वंदनेला जायला सुट्टी मागितली. आधी प्रोग्राम, म्हणाले हिंमतराव.
कंपाइल झालं. एकही चूक नाही. बसवला. मशीननं ऑपरेटरचं नाव विचारलं. मी भास्कर सोनकांबळे टाइप केलं. पडद्यावर उमटलं कल्याणप्पा. तीनदा टाकलं, तीनदा तेच.
हाक मारली. शंकरप्पा आला, काचेतून बघितलं अन् हात जोडले. कल्याणप्पा, चुकलो, म्हणाला — पळाला. किल्ली त्याच्याकडंच —

दुपार
हिंमतराव आले. मला बघून पांढरे पडले. माघारी वळले. जीप गेली. फाटक लागल्याचा आवाज.

७ डिसेंबर
वीज नाही. पाणी नाही. दारावर हात सोलले.

८ —
इरम्मा आली. काचेला गाल लावून बसलीय. मी ओरडलो, आजी, मी तुमचा न्हाय, जालन्याचा — तोंडातून निघालं ते कानडी. मला कानडी येत नाही. ती हसली, काहीतरी बोलली, आणि मला कळलं — शब्द न् शब्द कळला — अव्वा, दार —