कुंपणापलीकडचा माळ

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! दादाचं घर पहिल्यांदाच पाहतेय, आणि तेही विकायला. घर मात्र झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे अंगण. भांडी घासून पालथी घातलेली, टॉवेल दोरीवर तसाच. एजंट म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, तेवढं मागचं लाकडी कुंपण दुरुस्त करून घ्या, गिऱ्हाईक पडकं काय आहे तेच आधी बघतं. सुताराला बोलावलं तर तो म्हणे पुढचं काही काम असेल तर सांगा, मागचं आपण घेत नाही. नखरे नुसते! शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली, मोडक्या बाकांचे खिळे मीच ठोकत आले. कुंपण पुरुषभर उंच आहे. फळ्या मोजल्या. त्रेसष्ट, त्यांतल्या एकोणीस कुजक्या.
लेक फोनवर म्हणाली, आई, मामा गेल्यापासून तू एकदाही रडली नाहीस. म्हटलं, आधी खिळे आणते.

मंगळवार, ५
सात फळ्या बसवल्या. कुजकी फळी उपसली की पलीकडचं दिसतं. तिथे काहीच नाही. सपाट माळ, पार टोकापर्यंत एक झाड नाही की झुडूप नाही. तरी बघत राहावंसं वाटतं. डोळे निवतात.
हातोडी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं, दुखलं मात्र नाही.
शेजारच्या नर्सबाई चहा घेऊन आल्या. आता निवृत्त आहेत, पण बोलणं अजून वॉर्डातलंच. दादा झोपेत गेला असं मला कळवलं होतं. त्या म्हणाल्या, नाही, तो कुंपणाच्या फटीला कपाळ टेकून उभा होता. दोन दिवस त्यांना वाटलं, बघतोय काहीतरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी माणसं बोलावली. हे त्यांनी पेशंटचा ताप सांगावा तसं सांगितलं, आणि मीही तसंच ऐकलं.

बुधवार, ६
सकाळी नऊला गॅसवर डाळ ठेवली आणि म्हटलं तेवढ्यात एक फळी काढून यावी. काढली. जरा पलीकडे पाहिलं.
आत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. डाळीचा कोळसा, पातेल्याचं बूड गेलेलं. माझे पाय सुजून चपलेत मावेनात. भूक नाही, तहान नाही. घाबरायला हवं होतं, हे कळत होतं. दुसऱ्या कुणाबद्दल कळावं तसं.

गुरुवार, ७
नर्सबाईंच्या घराला माळाकडच्या बाजूने एकही खिडकी नाही. होत्या त्या विटांनी बुजवल्यात. का, म्हणून विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.
"तिकडे पाठ करून काम कर. जुनी फळी काढायच्या आधी नवी हाताशी ठेव. सगळ्या फटी बंद झाल्या की सुटलीस."
दादालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. तो हसला होता म्हणे.
मी हसले नाही. दिवसभर माळाकडे पाठ करून, चाचपत, वेडेवाकडे खिळे ठोकले. चारच फळ्या राहिल्या. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटात भुकेची कळ आली, तिचासुद्धा आनंद झाला. लेकीला सांगितलं, रविवारी ये, बरोबरच परत जाऊ.

शुक्रवार, ८
दुपारी उरलेल्या चार बसवायला गेले होते. आत्ता संध्याकाळ आहे. बसवलेल्या सगळ्या फळ्या खाली. एका शेजारी एक, नीट मांडून. खिळे सरळ करून डब्यात.
तणतणत नर्सबाईंच्या दारात गेले, कोणाचा हा उद्योग म्हणून. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. फोड फुटलेले, बाह्यांवर रक्त.
"तूच काढत होतीस गं. दुपारभर. किती हाका मारल्या."
मग म्हणाल्या, त्या बाजूला पाऊल टाकायचं त्यांना धाडस झालं नाही. माफ कर म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे. खरंच काही वाटलं नाही.

शनिवार, ९
लेकीला येऊ नको म्हणून सांगायला हवं. फोन घरात आहे. मी अंगणात. दार दहा पावलांवर—
वही बरोबर कधी आणली?
ऊन डोक्यावर आहे, चटका लागत नाही. एका फळीवर कपाळाएवढी जागा गुळगुळीत झालीये. दादाची. मला चवड्यांवर उभं राहावं लागतं.
इथून पाहिलं की दादा गेला हेसुद्धा— काही नाही. दुखत नाही. कुठेच. किती बरं—
नाही. फोन. दहा पावलं.

पुन्हा उजाडलं. रविवार असेल
पुढचं दार वाजतंय. लेक. नर्सबाई तिला अडवतायत, मागे जाऊ नको म्हणतायत. ती कसली ऐकते, माझीच ना.
ओरडायचंय. तोंड उघडत नाही. हात तेवढा चालतोय. म्हणून लिहिते, तिला दाखवेन. बाळ, इकडे बघू नकोस. डोळे मीट आणि मला मागे ओढ—
आली. माझ्या खांद्यावर तिचा हात आहे. दिसतो, लागत नाही. वहीकडे लक्षच नाही तिचं.
"आई, एवढं काय बघतेस?"
शेजारच्या फटीशी वाकली. बाळ, वही. वही वाच—
तिने पर्स खाली ठेवली. दोन्ही हात फळीवर. आता ती काहीच वि