दोर सोडायला मी नसेन

ठमे,

उठवलं नाही, झोपू दिलं. डबा ओट्यावर आहे. आईची शाल बॅगेत वरच ठेवलीय, पाण्यावर वारा बोचतो. लाँचमध्ये इंजिनापाशी बसू नकोस, धुरानं तुला मळमळतं.

काल तुझ्या नोकरीवरून नाही नाही ते बोललो. माझ्या जिभेला हाड नाही, तुला ठाऊकच आहे.

धक्क्यावर लाँचचा दोर सोडण्यात जन्म गेला. बेटावरची सगळ्यांची पोरं मीच पाठवली, कधी हात अडला नाही. आज मात्र बदली माणूस दिलाय. माझ्याच्यानं गाठ सुटली नसती आणि तुझी लाँच खोळंबली असती. मला शोधत थांबू नकोस.

परत येशील त्या दिवशी दोराला कुणाला हात लावू देणार नाही. मीच झेलीन.

बाबा