सोनेरी घुमटाची बाटली

२ एप्रिल

आता थोडेच दिवस! हिलाल गेला त्याला चार महिने होत आले. त्यावर दहा दिवस काढले की माझी इद्दत, नवऱ्यामागे पाळायची मुदत, संपली. मग आंघोळ, नवे कपडे, आणि सुगंध. सुगंध!! इतके दिवस अंगाला एक थेंब लागलेला नाही. मस्कतमधली बिनवासाची बाई म्हणजे मिठाशिवाय मासा.

मी एवढी खूश आहे याची मलाच लाज वाटते. नवरा गेलेल्या बाईने दिवस मोजावेत, आणि तेही अत्तरासाठी! हिलालवर माझा जीव होता. आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

३ एप्रिल

तर पुढचं असं — मला ती सोनेरी घुमटाची बाटली आवडत नाही. कधीच आवडली नाही. लिहिलं बाई एकदाचं!

लग्नानंतरच्या पहिल्या ईदला हिलालने ती आणली. राजवाड्यातल्या बायका लावतात तसलं अत्तर. एका बाटलीच्या किमतीत दोन बकऱ्या सहज आल्या असत्या. मी म्हटलं, "वा, काय सुंदर!" नवी नवरी दुसरं काय म्हणणार? झालं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं, दर ईदला तीच बाटली. पांढरी फुलं, केशर आणि वर साखरेचा पाक. मी गल्लीच्या तोंडाशी असायचे आणि वास घरात पोचलेला असायचा. "आली बघा झाहिरची आई," — बायका तोंड न वळवता सांगायच्या. झाहिर म्हणजे माझा मुलगा.

आणि तो वास अंगावर चढला की मी तशीच वागायला लागायचे. मान ताठ, चाल संथ, हसायचं ते ओठ मिटून. त्या वासात खो-खो हसणं शोभतच नाही! गेले चार महिने काही लावलं नाही, तर काल बुशरा म्हणाली, "उम्मी, तू हल्ली केवढ्याने हसतेस गं!" लेकीनेच हे म्हणावं! मी ओठ मिटून घेतले. मग पुन्हा हसले.

५ एप्रिल

ठरलं. माझं मी बनवणार.

आई घरी मिश्रणं करायची, मी लहानपणी बाटल्या धरून बसायचे. हात विसरलेले नाहीत. पण इद्दतीत अंगाला लागता कामा नये, म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले! बुशरा थेंब सोडते आणि मी लांबून हुकूम सोडते. सलालाहून आलेला हिरवट लोबान. ऊद अगदी थोडा. लिंबाच्या सालीचं तेल. आणि वेलदोडा, आमच्या कॉफीत, कहव्यात घालतो तोच.

"उम्मी, हे अत्तर आहे का कहवा?"

"दोन्ही!"

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तेवढ्यात आतून अम्मतींचा आवाज — "काय गं, काय शिजतंय तिकडे? लिंबू कशाला?" अम्मती म्हणजे माझी सासू, हिलालची आई. डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो. नाकाला मात्र शेजारच्या घरातला मासा ताजा की शिळा तेही कळतं. "सरबत करतोय, अम्मती!" मी ओरडले. या वयात चोरी!

६ एप्रिल

लोबान जास्त झाला. मशिदीसारखा वास. ओतून दिलं.

७ एप्रिल

अम्मतींनी आज पुन्हा विचारलं, "ती बाटली जपून ठेवली आहेस ना? हिलालने आणलेली शेवटची?"

"आहे, अम्मती. फोडलेलीसुद्धा नाही."

"उन्हात नाही ना? कपाटात ठेव. ते अत्तर उडतं." मग हळूच — "चार महिने झाले गं, घरात तो वास नाही. तू इद्दतीतून उठशील त्या दिवशी येईल ना परत?"

मी हो म्हटलं. काय करणार! एकुलता एक मुलगा गेला बाईचा. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तिला त्या वासात तोच भेटणार, दुसरं कोण? प्रत्येक ईदला मी अत्तर लावलं की या माझ्या शेजारी अगदी खेटून बसायच्या. मुलाची आठवण तेव्हापासूनच साठवत होत्या की काय!

आणि मी इथे रबरी हातमोजे घालून लिंबू पिळते आहे.

९ एप्रिल

शम्सा आली होती — हिलालची थोरली बहीण. आल्या आल्या नाक वर. "बायका भेटायला येतील त्या दिवशी माझ्या भावाचंच अत्तर लाव हं. नाहीतर बायका म्हणतील, नवरा गेला आणि हिचं नाक बदललं."

नाक माझं आहे, बाई! — हे ती गेल्यावर म्हटलं. दारालाच. चांगलं मोठ्याने.

१० एप्रिल

जमलं!! जमलं, जमलं, जमलं!

जबल अख्दरवरचा गुलाब हवा होता. डोंगरावर भट्टीत काढतात तो, थोडा धुरकट. बुशराने मत्रहच्या बाजारातून शोधून आणला. दोन थेंब पडले आणि सगळं मिश्रण एकदम बोलायला लागलं. लिंबू पुढे येतं, जरा खोडकर. मग वेलदोडा. मग कुठूनतरी गुलाब, आणि सगळ्यांच्या मागे ऊद, भिंतीला टेकून बसल्यासारखा. लांबून काही कळतच नाही. जवळ येऊन बसलात तरच. आणि बसलात तर उठावंसं वाटणार नाही!

बुशराने कागदाच्या पट्टीवर घेतलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "उम्मी, ही तू आहेस."

मी रडले. आनंदानेच. पन्नाशीला येऊन स्वतःची ओळख होणं म्हणजे गंमतच की! या बाईशी माझं चांगलं जमेल असं वाटतंय.

१२ एप्रिल

उद्या नाही, परवा.

दोन बाटल्या समोर ठेवून बसले आहे. एक सोन्याचा घुमट मिरवणारी, एक औषधाची, बूच लावलेली. अम्मतींना त्यांचा मुलगा हवा आहे, आणि तो माझ्या मनगटावरून हवा आहे. मी तो द्यायला नको का? एक दिवसच तर आहे! पण परवा तो वास लावून त्या सगळ्या बायकांसमोर गेले तर तो एक दिवस राहणार नाही. मग पुढची सगळी वर्षं तेच. माझं मला ठाऊक आहे.

बुशरा म्हणते, दोन्ही लाव.

"दोन नवरे करतं का कुणी एकदम?"

ती हसली. मी नाही हसले.

१४ एप्रिल

सगळं लिहिते.

पहाटे आंघोळ केली. हिरवा पोशाख घातला. सोनेरी बाटली हातात घेतली, ठेवली, परत घेतली. मग डोळे मिटले आणि माझंच लावलं. मानेला, मनगटांना, केसांना. असं वाटलं की दारं उघडी टाकून पळत सुटावं! हिलाल असता तर मी त्याला धरून नाचवलं असतं.

दुपारी बायका जमल्या. बैठक भरली. खजूर झाले, हलवा झाला, कहव्याचे पेले फिरले. आत अख्खं बकरं भातावर झाकून ठेवलेलं. माझ्या शेजारच्या बाईने दोनदा श्वास ओढून घेतला आणि आणखी जवळ सरकली. मी तर हवेत! तेवढ्यात शम्सा गाल टेकवायला वाकली आणि तशीच थांबली.

"हा कुठला वास?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आणि कोपऱ्यात अम्मती, नाक वर करून, वाट बघत बसलेल्या.

एकच सुचलं — वास झाकायचा. कोपऱ्यातलं धुपाटणं उचललं, निखाऱ्यावर ऊदाचा मोठा तुकडा टाकला आणि ढगासारखा धूर काढत सुटले फिरवत. एकीच्या ओढणीखाली, दुसरीच्या बाहीत. बायकांनी धूर घेतला, छान म्हणाल्या, आणि एकेक करून उठायला लागल्या!

तिसरी बाई चपला शोधायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणाआधी धुपाटणं!! ते फिरलं की बैठक संपली. पाहुण्यांनी उठायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी, घरची बाई, तेच हातात घेऊन त्यांना दाराकडे हाकत होते!

"अहो बसा! भात आहे! बकरं आहे!" पण ऊद घेऊन झाल्यावर कोण बसतंय? एक बाई तर माझाच हात दाबून म्हणाली, "असू दे, उम्म झाहिर, मन भरून आलं असेल." शम्सा चपला घालता घालता म्हणाली, "माझ्या भावाच्या घरातून मला उपाशी हाकललंस!" आणि गेल्या सगळ्या.

उरलो मी, बुशरा आणि अख्खं बकरं. बुशरा उशीत तोंड खुपसून हसत होती.

"रय्या, इकडे ये." अम्मती.

गेले. त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं, नाकाशी नेलं. फार वेळ.

"हा तो नाही."

"नाही, अम्मती."

"तो तुला आवडत नव्हता?"

खोटं बोलायची ताकदच नव्हती उरली. "कधीच नाही."

त्यांनी माझा हात सोडला. "बाटली आण ती."

आणून दिली. दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. "दार ओढून घे जाताना."

काय केलं मी हे! म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा हिरावून घेतला. मनगट धुतलं. साबणाने, दोनदा.

१५ एप्रिल

सकाळी जाग आली तर घरभर तोच वास! पांढरी फुलं, केशर, पाक! धावत अम्मतींच्या खोलीत गेले.

पलंगावर बसलेल्या. डोळ्यांत सुरमा, तोही जरा गालावर. ईदचा जांभळा पोशाख. आणि बाटली निम्मी रिकामी!

"थिजलीस काय अशी? अठ्ठावीस वर्षं त्याला ऐकवत होते — 'काय सुरेख अत्तर आहे ते, कुणीतरी आणायला हवं बाई!' आईने मुलाकडे याहून उघड मागायचं तरी कसं? आणि तो गाढव दर ईदला आणायचा आणि तुझ्या हातात द्यायचा! मला काय, तर गुलाबपाणी! तुला वाटलं, मी तुला खेटून बसायचे ते तुझ्या प्रेमाने?"

मी तिथेच पलंगाच्या कडेला टेकले.

"आवडत नव्हतं, मग बोलली का नाहीस, मेले? जा, गाडी काढायला सांग. शम्साकडे जाऊ. तिला बकरं नेऊन दे, आणि मला तिच्या सगळ्या शेजारणींमध्ये बसव."

हिलाल, अरे गाढवा! एकदा, एकदा तरी विचारायचं होतंस रे आम्हाला!