कऱ्हेकाठच्या कुरणाची वाट

बारामती, मंगळवार, १४ जुलै १९३६

प्रिय मोहन,

काल म्युनिसिपालिटीच्या सभेत मी माझाच ठराव मागे घेतला. ही बातमी तिखटमीठ लावून इंदापुरात पोचेल, त्याआधी तुला सरळ माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते आहे.

ठराव तुला माहीत आहे. कऱ्हेकाठचे कुरण तुझ्या नकाशात पडीक म्हणून दाखवलेले. तिथे गुळाच्या वखारींना जागा द्यायची आणि त्या बदल्यात व्यापारी आपल्या मुलींच्या शाळेला दोन खोल्या बांधून देणार. इतकी वर्षे मी निम्म्या मुली व्हरांड्यात बसवते आहे. ठराव मांडताना माझा आवाज चढला तो त्या खोल्यांपायी.

मग ज्येष्ठात तू सभेपुढे उभा राहून म्हणालास की नकाशा चुकला. मोजणी केलीस माघात, तेव्हा धनगरांची सगळी मेंढरे कोकणात. कुरणात ना लेंडी, ना मेंढवाडा. डोहाकडची वाट तरवडाच्या झुडपांनी झाकलेली. कळप परतल्यावर तुला कळले की पावसाळाभर ते याच गवतावर राहतात, लोकर कातरण्याआधी मेंढ्या याच डोहात धुतात, आणि त्यांनी वाट मोकळी केली की मागून गावच्या बायकाही सरपणाला नि रानभाजीला नदीवर उतरतात. मी तुला भर सभेत निष्काळजी म्हटले. नोकरीच्या पुस्तकात तसा शेरा लिहवला. तू इंदापूरची जागा पत्करून गेलास.

गेल्या आठवड्यात बानूबाई नावाची म्हातारी धनगरीण काठी टेकत, कुरण देऊ नका म्हणत, थेट माझ्या वर्गाच्या दारात आली. कचेरीत जा म्हटले, तर तिथे जाऊन आलेली. मग तुला दिले तेच उत्तर तिला दिले, की माघात तिथे कोणीच नव्हते. तिने वर्गावर नजर फिरवली.

"बाई, उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्या साळंत कोन आसतं? मग तवा का न्हाय इकली?"

मुली हसल्या. मी त्यांना गप्प केले नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यामागून डोहापर्यंत चालत गेले. लुगडे वर धरा, चिखल काय तुमचे कॉलेज बघणार नाही, असे ती वाटेत मला सुनावत होती. पलीकडे दोघे जण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक मेंढी धूत होते. ही वाट नकाशात नाही एवढ्यावरून मी ती नाहीच असे धरून चालले होते.

काल सात विरुद्ध सहा मतांनी नवा ठराव झाला. डोहापर्यंत चाळीस फूट रुंद वाट. कुरण आणि नदीकाठ सर्वांना खुला, तिथे बांधकामास कायमची मनाई. वखारींनी स्टेशनकडे जागा बघावी. अध्यक्षांनी विचारले, शाळेचे काय? म्हटले, मुली आणखी काही वर्षे व्हरांड्यात बसतील.

एवढे तर तुला सभेच्या कागदांवरूनही कळले असते. पत्र लिहिले ते दुसऱ्याच कारणाने. बाई भाच्याची बाजू घेतात असे लोक म्हणतील, या धास्तीने मी तुझे ऐकून घेतले नाही. तू माझा भाचा नसतास तर त्याच दिवशी ऐकले असते. माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून मी तो तुझ्या नावाला लावला. स्वतःचे काम चुकले असे आपण होऊन सांगणारा माणूस या सभेने तुझ्याआधी पाहिला नव्हता. ते कुरण तुझ्यामुळे राहिले. मी तुझी ऋणी आहे. हा शब्द मी कोणाला लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझीच,
मावशी

शिपाई सर्जेराव यांच्या हाती दिले: ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल, एक. शेरा रद्द केल्याचा हुकूम, एक. काळी घोंगडी, एक. ही बानूबाईंनी आणली. माझ्यासाठीच समजून मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुमाला न्हाय. मोजणीवाल्या पोराला हाय."