साहेबांसाठी उभा ठेवलेला धैंचा

४ जून
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाइले सवय असते म्हणे. युरिया टाकून टाकून आपली धानाची बांधी गोट्यावानी झाली, मागच्या साली धान पोचट. यंदा जमीन सुधरवायची म्हंजे सुधरवायचीच. कृषी सहायक दिव्यानी मॅडमनं सबसिडीवर धैंच्याचं बी देल्लं. पेरायचं, फुलं यायच्या आधी चिखलात गाडायचं, तेच खत. एकदम सोपं. बायको कुंता म्हणे, सोपं आहे तर करा मंग.

११ जून
पेरणी झाली. कुंतानं पेरलं, मी प्लॅनिंग केलो. सोसायटीचं पीककर्ज जमा झालं. ते ट्रॅक्टरच्या चिखलणीले ठेवा, कुंता म्हणे. ठेवतोच. फक्त एक बोर्ड रंगवतो : ‘हिरवळीचे खत, आदर्श प्लॉट’. मुलचेऱ्यात चांगला पेंटर नाई. चंद्रपूरले जा लागन.

२ जुलै
बोर्ड लागला. धैंचा मांडीएवढा. येणारा-जाणारा थांबून पाहून राह्यला. बाजूच्या बांधीत देवरावभाऊचा बी असाच आहे, पण बोर्ड नाई.

१९ जुलै
मॅडम आल्या. आता लगेच गाडा, म्हणे. मी इचारलो, तालुक्याचे साहेब फोटो काढाले कधी येतीन? म्हणे, सोमवारी, बहुतेक. मंग सोमवारनंतरच गाडू! गाडल्यावर फोटो कायचा, चिखलाचा? देवरावनं आजच गाडला. भलती घाई त्या माणसाले.

२१ जुलै
इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर बांधावर बसलो. साहेब मीटिंगमधी अटकले. कुंता म्हणे, धानाचे पऱ्हे वाफ्यातून काढून रोवाले आले, ते काय तुमच्या साहेबासाठी थांबतीन?

२८ जुलै
नाल्याच्या पुलावरून पाणी. साहेब नाई. धैंच्याले पिवळी फुलं आली. फोटोत अजून मस्त दिसतीन.


९ ऑगस्ट
थकलो बावा. आज साहेबाइले सोडून ट्रॅक्टरवाल्या पिंटूले बोलावलो. एक फेर मारला अन् उतरला. भाऊ, हे तं लाकूड झालं, म्हणे, चाकात अडकते, सडणार बी नाई. चिखलणीचे पैसे बोर्डात अन् चंद्रपूरच्या हॉटेलात गेलते, म्हणून मी बी जोर केलो नाई.

१३ ऑगस्ट
कुंतानं आपले पऱ्हे देवरावले देऊन टाकले. काऊन, म्हणलो. म्हणे, वाफ्यात म्हातारे होऊन राह्यले, त्याच्या रोवाच्या राह्यलेल्या बांधीत तरी जगतीन. आता तेच पऱ्हे ती तिथी मजुरीनं रोवते. मले गंज वाईट वाटलं. घरच्या तांदळाचं काय, हे इचाराची हिंमत झाली नाई. पुढच्या साली टायमावर गाडू.

३ सप्टेंबर
साहेब आले! मी शर्ट घालेपर्यंत गाडी देवरावच्या बांधीवर. काय धान आहे त्याचा! फोटो निघाला : देवराव, मॅडम, अन् मधी निंदलेलं गवत हातात घेऊन कुंता.
मंग साहेब माह्या बोर्डापाशी आले. इचारले, प्लॉट कुठी आहे? मी बोलाच्या आधी कुंतानं घराकडं बोट केलं. तिथी चुलीजवळ तिनंच कापून वाळवलेल्या धैंच्याच्या मोळ्या रचल्या होत्या. त्याच्यावरच साहेबाइले चहा करून देल्ला. चांगलं जळते, म्हणे साहेब.
रातच्याले कुंतानं मजुरीचे तांदूळ शिजवले. देवरावचेच. जेवलो. उद्या त्यानं मले बी निंदाले बोलावलं आहे.
कुंता म्हणे, जुना शर्ट घाला.