फटफटीचा विमा आन् हाकणाऱ्याचा हात

आलापल्ली, मंगळवार, पौष महिना, १९५६

आज विमेवाला आला होता. माहा पोरगा शंकर फटफटीवर जंगल खात्याची डाक नेते. वाळूत दोनदा पडला. नागपूरले आठ दिवस फटफटीचं पुढचं शिक्षण हाय, पण विम्याचा हप्ता कमी झाला तरच जाईन म्हणते शंकर.

मी विमेवाल्याले विचारलं, "शिकलेला गाडीवरून कमी वेळा पडन, मंग हप्ता तेवढाच काऊन?"

"बाई, कागदात गाडी पाह्यतात, चालवणारा नाई."

हे डोक्यात बसून नाई राह्यलं. बैल उसना देतानी आपण आधी हाकणाऱ्याचा हात पाह्यतो. कंपनीले हात काऊन नाई दिसत?

शंकर म्हणे, "मंग मी नाई जात."

म्हटलं, "हाडं कंपनीचे हायेत का?"

नागपूरले जाले थैली भरून राह्यला आता.