मुरुमचा फाटा

८ जानेवारी, गुरुवार

जमलं एकदाचं! रविवारी यांच्या दुर्गमंडळाची सहल. लोहाऱ्यापलीकडं नदीकाठी एक पडीक ठाणं आहे म्हणे, निजामाच्या सरहद्दीवरचं, रझाकारांच्या धामधुमीतलं. मला त्या दगडांचं काय! पण तिथून मुरुम जवळ, आणि मुरुमला माझी आई, माझी अव्वा. येळवशीला, अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, जायचं राहिलं, कारण मंडळाची बैठक होती ना! भाऊ सिद्धाराम फोनवर म्हणाला, "अक्का, अव्वा लई थकलीय. एक डाव येऊन जा." तिनंही फोन घेतला. तिचा नेहमीचाच प्रश्न. मी नेहमीसारखी टाळाटाळ केली.

येताना मुरुमला थांबायचं यांनी कबूल केलंय.

११ जानेवारी, रविवार

राग अजून उतरलेला नाही.

ठाणं म्हणजे चार भिंती, बाभळी आणि शेळ्यांच्या लेंड्या. हे मात्र रंगात आले होते. या फटीतून बंदूक रोखायची, छतातली ती कडी कंदिलासाठी! "योगीराजसाहेब, काय अभ्यास!" लोक माना डोलावत होते. मग यांचा उसासा — "त्या काळी इथं आत असलेलं एखादं माणूस आज जिवंत मिळायला हवं होतं."

मी दारातच थिजले होते. वरच्या दगडावर नाग कोरलेला! फटीतून नदी दिसते. छताला कडी. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलंय! अव्वा नऊ वर्षांची असताना तिचा बाप सरहद्दीपार पळाला, म्हणून रझाकारांनी तिला, तिच्या आईला आणि तान्ह्या भावाला कोंडून घातलं होतं, ते याच नागाच्या दाराआड. आईनं लुगडं फाडून त्या कडीला बाळाची झोळी बांधली. कंदील कसला!

यांना बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, चला, आत्ताच विचारू तिला. हे हसले. "त्या कन्नडमध्ये येनु-गेनु करणार, मला काय कळणार गं?" लग्नाला चाळीस वर्षं होत आली. तिच्या हातचं पोटभर जेवलात, तिचं एक वाक्य शिकला नाहीत!

मग कुणाच्या तरी शेतात हुरडा. मग चहा. मग पुन्हा फोटो. फाट्यावर येईतो अंधार पडला. गाडीच्या उजेडात मुरुमची पाटी दिसली. "लोक कंटाळलेत, पुढच्या रविवारी नक्की," आणि गाडी सरळ पुढं. सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. यांना माझी हीच सवय सोयीची पडते.

१२ जानेवारी, सोमवार

एसटीनं एकटी जाते म्हटलं. "संक्रांतीला माझ्या बहिणी यायच्यात. पोळ्या कोण करणार?"

१५ जानेवारी, गुरुवार

काल पोळ्या केल्या. आज पहाटे अव्वा गेली.

आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की बसवून नेतात. तिला बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, तोंड दाराकडं. कुणी यायचं राहिलंय, असंच वाटत होतं. हे सगळ्यांत पुढं उभे होते. रडलेसुद्धा!

२५ जानेवारी, रविवार

उद्या झेंडावंदनानंतर यांचं भाषण. चौकात फ्लेक्स लागलाय — 'माझ्या सासूबाई : ठाण्याच्या अखेरच्या साक्षीदार'. अव्वाचा फोटो सिद्धारामकडून मागवला. शेजारी यांचा, तिच्यापेक्षा मोठा.

मघाशी पेन उघडून माझ्यासमोर येऊन बसले. "त्या नेमकं काय म्हणायच्या गं? तूच मराठीत सांग."

सांगितलं.

"शेवटपर्यंत एकच विचारायची — जावई कधी येणार?"